नवमीला धुतलेलं इंजिन

आमच्या कर्जतच्या भिसेगावातल्या घरात, पडवीतल्या फळीवर, रेल्वेचं एक इंजिन आहे. वीतभर लांबीचं. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं. चाकांचे दांडे सायकलच्या तारांचे, डोक्यावरचा विजेच्या तारेला टेकणारा सांगाडा छत्रीच्या काड्यांचा, आणि दाराशेजारी हाताने धरायचे जे बारीक गज आहेत ना, त्या माझ्या केसांतल्या पिना. पण आलेला पाहुणा यातलं काहीच आधी बघत नाही. तो इंजिनाचा मळ बघतो. "काय हुबेहूब मळवलंय हो!" म्हणतो, आणि माझ्या यजमानांकडे वळून, "हात आहे बाकी तुमच्याकडे."

असं कुणी म्हणालं की मी चहा टाकायला आत जायची. वर्षानुवर्षं मी त्या एका वाक्याला उठून आत गेले. लोकांना वाटायचं, बाई अगत्याची आहे. आता उठत नाही. का उठत नाही ते लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणून हे. जीव हलका आहे तोवर लिहिलेलं बरं. पुन्हा गप्प बसायची सवय लागली तर माझ्याच्यानं व्हायचं नाही.

कर्जतच्या माणसाला बँकर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, कारण पुढे घाट. एकट्या इंजिनाला तो चढ झेपत नाही. म्हणून गाडीच्या मागे आणखी इंजिनं लावतात. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात आणि मोकळी होऊन परत खाली येतात. ती बँकर. माझे सासरे, घरात आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, या बँकरवर ड्रायव्हर होते. त्यांच्या वेळची जुनी विजेची इंजिनं म्हणजे मधे एक खोली आणि दोन्ही बाजूंना लांबच लांब नाकं. चालताना अंग झुलवत चालायची आणि नुसती उभी असली तरी कण्हत असायची. त्यांना सगळे खेकडा म्हणत. आबांची उमर खेकड्यावर गेली.

यजमान खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर. रेल्वेत जायचं त्यांच्या मनात होतं, ते जमलं नाही. मग इंजिनाची हौस त्यांनी अशी भागवली. सुट्टीच्या दिवशी स्टेशनच्या टोकाला जाऊन उभे राहायचे, मापं टिपून आणायचे, आणि पडवीतल्या टेबलावर कानस घेऊन बसायचे. कानशीचा तो कर्रकर्र आवाज ऐकत माझा स्वयंपाक व्हायचा.

पहिला खेकडा पुरा झाला तेव्हा मी नवी सूनच म्हणायची, दोनेक वर्षांची. ह्यांनी त्याला रंग दिला, तो वाळला, आणि ह्यांनी तो आबांच्या हातात ठेवला. आबांनी फिरवून बघितला आणि परत दिला.

"मुंडावळ्या बांधायच्या राहिल्या वाटतं," म्हणाले.

"का?"

"नवरदेव दिसतोय नुसता. ह्येला घाटात कोन घेईल रं? इंजिन कसं, कामाला गेल्यागत दिसाया पायजे."

ह्यांनी इंजिन नेऊन टेबलावर ठेवलं. आबांच्या तोंडून 'चांगलं' हा शब्द तोवर मी एकदाच ऐकला होता, तोही माझ्या सुकटीच्या कालवणाला. मुलाला तर कधीच नाही. ह्यांना ते किती लागतं हे मला जेवताना कळायचं. आबांनी टोमणा मारला की त्या दिवशी भात उरायचा.

मग पाऊस सुरू झाला. इंजिन टेबलावर एका फडक्याखाली गेलं. "ह्याला हात लावू नकोस, अजून व्हायचंय," असं ह्यांनी मला सांगितलं होतं. पण पुरुषमाणसं त्यांच्या प्रत्येक वस्तूबद्दल हेच सांगतात, त्यामुळे ते माझ्या कानात फार दिवस राहिलं नाही. फडक्याखाली हे काय करतात ते मी विचारलं नाही. तेव्हा विचारायची पद्धत नव्हती, आणि मला तसा वेळही नव्हता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घर, सण, कुळाचार, सगळं माझ्याच अंगावर, आणि आपलं काही चुकू नये म्हणून मी सगळं जरा जास्तच करायची.

आश्विनात खंडेनवमी आली. नवमीला हत्यारं पुजतात. माझं माहेर साजगावकडचं, भातशेतीवाल्यांचं. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, विळा, कुदळ, नांगराचा फाळसुद्धा ओढ्यावर नेऊन चिंच आणि राख लावून घासायचे. लोखंड चांदीसारखं लखलखलं की मगच त्याला हळदकुंकू. मळकं हत्यार पूजेला ठेवलं तर आई म्हणायची, "जो आपल्याला खायला घालतो त्याचं तोंड तरी धुवा गं."

त्या दिवशी हे दुपारच्या पाळीला खोपोलीला गेले. जाताना म्हणाले, "माझी हत्यारं पूजेला घे." मी पक्कड घेतली, कानशी घेतल्या, पत्रा सांधायला डाग द्यायची कैया घेतली. आणि मग वाटलं, त्या फडक्याखालचं खरं तर सगळ्यांत मोठं. फडकं काढलं. ज्येष्ठात आरशासारखं चमकणारं ते इंजिन तपकिरी पडलं होतं. वर पांढरे ओघळ, खाली काळं, आणि हाताला तेलकट चिकट. आमच्याकडच्या पावसात चपलांना बुरशी येते, कपाटातल्या लुगड्यांवर डाग पडतात, तसंच हे. मला वाटलं, बिचाऱ्याला दमटपणाने खाल्लं. ह्यांना दाखवायच्या आधी नीट करून ठेवू.

आधी रॉकेलच्या बोळ्याने पुसलं. मग परातीत रिठ्याचं पाणी केलं आणि आत बुडवलं. चाकं पितळेची, त्यांना चिंच लावली. दांड्यांच्या फटीतला मळ हिराच्या काडीने काढला. परातीतलं पाणी चहासारखं झालं. मला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! सुपात घालून उन्हात ठेवलं तर पुन्हा तेच, ज्येष्ठातलं, चकचकीत.

आबा दुपारचे झोपून उठले आणि काठी टेकत अंगणात आले. सुपाकडे बघून थांबले.

"ह्ये काय केलंस गं?"

"पूजेसाठी धुतलं. पार गंजलं होतं."

आबा खाली बसले. गुडघे दुखत असताना ते असे पटकन कधी बसत नसत.

"अगं, गंजलं कुठं? तो आख्खा पावसाळा त्येला घाण करत बसला व्हता. मी बोललो म्हनून."

मी पडवीत धावले. टेबलाखाली रंग कालवलेली डब्यांची झाकणं होती. तपकिरी रंगाचं एक, पांढऱ्याचं एक, काळ्याचं एक, आणि टर्पेंटाइनची बाटली. आमच्या इथे पावसाळ्यात ऑइलपेंट धड सुकत नाही, म्हणून तर ते इतकं सहज निघून आलं होतं. दुसऱ्या दिवशी दसरा. आबांचे जुने सोबती सोनं द्यायला येणार, आणि हे त्यांच्यासमोर आबांच्या हातात ते इंजिन ठेवणार, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात जुळलं. मी तिथेच रडायला लागले.

"रडून मळ चढतोय व्हय?" आबा अंगणातूनच ओरडले. "हिकडं ये."

मी गेले.

"नवमीला आमीबी इंजिन धुवायचो. हार घालायचो, नारळ फोडायचो. आन एक गाडी लोणावळ्याला लावून आलो की परत व्हतं तसं." त्यांनी सूप पुढे ओढलं. "चल. ह्येला बी एक फेरी मारून आनू."

"कुठे?"

"घाटात. कुठं म्हंजे!"

ह्यांचे रंग वापरायची मला हिंमत नव्हती. डबा उघडलेला त्यांना लगेच कळला असता. मग मी स्वयंपाकघरात गेले. तव्याखालची काजळी खरवडून घेतली, तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू घेतला, रांगोळी घेतली. आबांनी स्वतःची पानाची चंची पुढे सरकवली, त्यात चुना आणि काथ. हे सगळं कशात कालवायचं हा प्रश्न होता. सकाळच्या भाताची पेज उरली होती, ती घेतली.

पहिला हात लावला तर तो केळीच्या पानावरून पाणी घसरावं तसा ओघळून गेला. "राखंनं घास आधी," आबा म्हणाले. "चकाकी मेल्याबिगर मळ धरत नाय." राखेने हलकं घासलं, तेव्हा धरला.

"हां. कर्जत," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "गाडीला मागनं लागलो. नाक भिडलं. ग्रीस कुठं लागंल?"

मी नाकाच्या टोकाच्या बफरला खोबरेलात कालवलेली काजळी लावली.

"दुसऱ्या नाकाला नको! ते मोकळं असतंय. दोन्ही सारखी करू नको, गाडी एकाच बाजूला असती." मी पुसलं. "पळसदरी गेली. चढ लागला. चाक जाग्यावर फिरतंय. काय करशील?"

"मला काय माहीत आबा!"

"रेती सोड की."

चाकांच्या पुढे बारीक नळ्या होत्या, त्यांच्यातून खरं इंजिन रुळावर रेती सोडतं म्हणे. त्या नळ्यांखाली मी रांगोळी लावली. मग बोगदे आले. बोगद्यात वरून पाणी ठिबकतं आणि इंजिनाच्या टपावर पांढरं वाळतं. तिथे चुन्याच्या निवळीचे थेंब, हिराच्या काडीने.

"मंकी हिल. आता ड्रायव्हरच्या खिडकीखाली काथ सोड. लांब."

"काथ कशाला?"

"पिंक गं. थुंकतोय तो."

"तुम्ही थुंकायचात?"

"मी? माझ्या इंजिनावर? जीभ झडंल." आबांनी डोळे उघडले. "हाय एक. उद्या येईल सोनं द्यायला. बघूनच वळखंल सोताची."

मी रडायची थांबले होते. उलट हसू येत होतं, आणि सासऱ्यासमोर हसायचं कसं म्हणून पदर तोंडावर धरला तर पदराला काजळी लागली.

मग लोणावळ्याहून परतीचा उतार. उतारावर बिरेक लागतात, लोखंडावर लोखंड घासतं आणि त्याची धूळ उडते. तीच धूळ गंजून इंजिनाचा खालचा सगळा भाग तपकिरी होतो. ती कशी करायची? आबांनी सांगितलं नाही, ते मला आपसूक सुचलं. गेरू आणि काजळी फडक्याच्या पुरचुंडीत बांधली, पेजेचा हात ओला असतानाच वरून हलके हलके आपटली आणि जास्तीचं फुंकर मारून उडवलं. लहान बाळाला पावडर लावतात तसं. धूळ अशी बसली की मीच दचकले. तिला चमक नव्हती. कोरडी, खरी धूळ.

आबा ते डोळ्याजवळ नेऊन कितीतरी वेळ बघत होते. मग म्हणाले, "ठेव पूजेला." बस्स, एवढंच.

रात्री हे आले तेव्हा देवघरात समईच्या उजेडात हत्यारांवर फुलं होती. हात जोडून झोपले. सकाळी उजेडात ते इंजिन टेबलावर ठेवून बघत राहिले. मी दारात उभी. "सुकल्यावर काय बसलाय रंग!" ते म्हणाले. "काल टर्पेंटाइन जरा जास्त पडलं होतं माझ्याकडून." त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण आबांचे सोबती फाटकातून आत आले.

आपट्याची पानं दिली-घेतली, पाया पडून झालं. इंजिन या हातातून त्या हातात फिरलं. एक जण म्हणाले, "ह्या इंजिनानं लोणावळा बघितलाय." दुसऱ्यांनी ते खिडकीपाशी नेलं आणि एकदम ओरडले, "ही पिंक कुनाची रं?"

"तुजीच," आबा म्हणाले. "मीच लावली. पोरगं तेवढी इसरलं व्हतं."

घर हसण्याने भरलं. हसणं ओसरलं तेव्हा आबांनी इंजिन हातात घेतलं आणि ह्यांच्याकडे बघून, सगळ्यांच्या समोर म्हणाले, "आता झालं रं इंजिन. हात बसला तुझा."

हे लाल झाले. तहान नसताना आत येऊन माठातलं पाणी प्यायले. मी चुलीशी होते. त्यांचा चेहरा मी बघितला आणि समजले की आता हे सांगणं म्हणजे त्यांच्या हातातून काय काढून घेणं आहे.

संध्याकाळी आबांना हळूच विचारलं, "सांगू का?"

"सांग की," आबा म्हणाले. "पन आज नको. आज त्येला जेवू दे."

त्या रात्री खरंच भात पुन्हा टाकावा लागला. आणि 'आज नको' असं म्हणता म्हणता पुढच्या वर्षी भातं कापणीला आली असताना आबाच गेले. ही गोष्ट माहीत असलेली मी एकटी उरले.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी ते आबांच्या नावाने सोडून दिलं असतं. पण ह्यांनी दुसरं इंजिन केलं. कोळशाचं, आबा तरुणपणी ज्यावर फायरमन होते तसलं. पत्र्याचं काम पहिल्यापेक्षा सरस. मळवायला बसले आणि जमेना. रंग मळासारखा दिसेचना, रंगासारखाच दिसे. "त्या दिवशी टर्पेंटाइन जास्त होतं का कमी?" ते मला विचारायचे. मला! मी चहाचा कप घेऊन उभी असायची. कधी अळशीचं तेल, कधी खडूची पूड, कधी दोन्ही. दिवसचे दिवस रंग पुसायचे आणि पुन्हा लावायचे.

मधल्या काळात मी आणखी वाईट वागले. पेजेला झुरळं येतात. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी खेकड्याचं एक नाक चाटून साफ केलं. हे कामावर असताना मी गेरू-काजळी काढली आणि डागडुजी केली. मग ते दर वर्षाचं झालं. पावसाळा संपला की लोक भिंती सारवतात, मी चोरून इंजिन सारवायची. आणि हे पाहुण्यांना सांगायचे, "बघा, इतकी वर्षं झाली, रंग जरासुद्धा हललेला नाही."

आता लिहितेच आहे तर तेही लिहिते. हे जमत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसायचे तेव्हा मला वाईट वाटायचं, हे खरं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक बारीकसा आनंद असायचा, की हे मला जमलं होतं. शाळा चौथीत सुटलेली मी. माझं म्हणून कुणी काही बघितलं नव्हतं, आणि ज्याला लोक दाद देत होते ते माझं होतं. तो आनंद मला चोरीच्या मालासारखा वाटायचा, आणि तरी मी तो टाकून देत नव्हते.

तिसरं इंजिन त्यांनी पुन्हा खेकडाच केला. पहिल्यासारखाच, मुद्दाम, शेजारी ठेवून ताडून बघता यावं म्हणून. ताडून बघितलं. एक घाटातून आलेलं होतं, दुसरं दुकानातून.

त्या दिवसापासून ह्यांच्या बोलण्यात एकच. "हात गेला." चष्मा लागला होता, त्यात ही समजूत. कारखान्यातही म्हणू लागले. नट आवळताना दोनदोनदा तपासायचे, दुसऱ्याकडून बघून घ्यायचे. आणि त्याच सुमाराला त्यांना फोरमन करायचं ठरलं. आनंदाची बातमी हे अशी सांगत आले, जशी कुणाच्या आजारपणाची.

"उद्या साहेबांना नाही सांगून टाकतो," म्हणाले.

"का?"

"ज्याचा स्वतःचा हात गेला त्याने दुसऱ्यांना काय शिकवायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला निघताना त्यांनी कानशी, पक्कड, कैया, सगळं एका खोक्यात भरून दाराशी ठेवलं. "भंगारवाला आला तर देऊन टाक." डबा घेतला, चपला घातल्या.

"थांबा," मी म्हणाले.

"गाडी चुकेल."

"चुकू दे."

खोपोलीची गाडी चुकू दे असं मी त्यांना जन्मात म्हटलं नव्हतं. ते वळून बघायला लागले.

"पहिलं इंजिन तुम्ही मळवलेलं नाही. मी मळवलंय."

"काय?"

"तुम्ही केलेलं मी धुऊन टाकलं. नवमीला. रॉकेल लावून, मग चिंच लावून."

"चिंच लावून," ते म्हणाले.

"मला वाटलं गंज आहे. मग दुपारभर बसून पुन्हा मळवलं. तुमचा रंग नाहीच तो. गेरू आहे, काजळी आहे, रांगोळी आहे. पेजेत कालवून."

स्टेशनाकडून भोंगा आला. खोपोलीची गाडी सुटली ते आम्हां दोघांनाही कळलं. हे चपलांसकट पायरीवर बसले.

"आबांना माहीत होतं?"

"त्यांनीच सांगितलं कुठे काय लावायचं."

मला वाटलं, झालं, आता हा माणूस माझ्याशी बोलायचा नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. मग ते उठले, फळीवरून खेकडा काढला, बोट जिभेला लावून इंजिनाच्या बुडाला घासलं आणि पुन्हा जिभेला लावलं.

"पेजच आहे गं," म्हणाले. "खारट लागतंय."

"मीठ होतं तिच्यात."

"आणि मी टर्पेंटाइनचे डबे ओतत बसलो! तू चहा घेऊन उभी राहायचीस!"

"हो."

"नुसती उभी!"

"हो."

बरंच बोलले. आवाज चढवून बोलले, शेजारच्या काकू खिडकीत आल्या. मी एकही शब्द परत केला नाही. खरं सांगू, ते बोलणं मला अंगावर पाणी घेतल्यासारखं वाटत होतं. ओरडून झाल्यावर ते टेबलापाशी बसले.

"मला तेव्हाच कुठेतरी चुकल्यासारखं वाटलं होतं," म्हणाले. "दोन्ही नाकं वेगळी कशी, हे मी कधी केलं? पण आबा बोलले ना. मग मी बघायचंच सोडलं."

"आबांनी ते तुम्हालाच म्हटलं. पत्रा तुमचा, चाकं तुमची..."

"नको. घेऊन टाक तू. फार जड झालं होतं मला ते. त्यांनी एकदाच म्हटलं आणि मी जन्मभर त्याला पुरा पडायला बघतोय."

मग तो आनंदाचा भागही मी सांगितला. त्यांना जमत नव्हतं तेव्हा मला कसं वाटायचं ते. माझ्या मते सगळ्यांत वाईट हेच होतं. त्यांनी खेकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "वाटणारच. झालंच आहे चांगलं." जसं काही मी विचारलं होतं की भाजीत मीठ बरोबर आहे ना.

थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे माझा हात गेलेला नाही."

"नाही."

"मळवायला तो कधी नव्हताच."

"नव्हता."

"ते एक बरं झालं," ते म्हणाले, आणि चपला काढून ठेवल्या.

फोरमनकीला त्यांनी दुसऱ्या दिवशी हो सांगितलं. आणि धुण्याची हकीकत त्यांनीच गावभर केली. स्टेशनवर, कारखान्यात, लग्नाच्या पंगतीत. "हिने चिंच लावून घासलं हो!" मी लाजेने मरेन असं मला वाटलं होतं. पण तसं काहीच झालं नाही. बायका येऊन विचारायला लागल्या, पेज कोणत्या तांदळाची.

पण मला आठवते ती त्याच दिवशीची दुपार. ह्यांनी डबा घरीच खाल्ला. भांडी आवरून मी माजघरात चटईवर पाठ टेकली आणि मला झोप लागली. दुपारी मी कधी झोपत नसे. आडवं झालं की मनात तेच ते फिरायचं, म्हणून काही ना काही निवडत बसायची. त्या दिवशी अशी झोपले की ऊन कधी कलंडलं ते कळलं नाही. जाग आली ती पडवीतल्या आवाजाने. दाराशी ठेवलेलं खोकं उघडलं होतं आणि कानस चालू होती. मी तशीच पडून ऐकत होते.

"अगं," बाहेरून आवाज आला, "पेज किती पातळ लागते?"

मी उठले नाही. तिथूनच ओरडून सांगितलं, "बोट बुडवून बघा. चिकटली तर घट्ट. आणि मीठ घालू नका या खेपेला!"